बोनेटवरची तीन बोटं

दैवशालाशी माझं पहिलं भांडण झालं ते पाच लिटरच्या एका कॅनवरून, आणि आज इतकी वर्षं झाली तरी आम्हाला भांडायला तोच कॅन पुरतो.

सेलूत पाथरी रोडला माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे. रंग, थिनर, पुट्टी, पॉलिश, घासायचा कागद, जे लागेल ते. दुकानाला लागून एक पत्र्याचं शेड आहे. तिथं दैवशाला गाड्या चमकवते. गाड्या धुते असं कुणी म्हटलं, तर ती अंगावर येते. "धुनारे रेल्वे फाटकापाशी बसलेत, तिकडं जा," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. गिऱ्हाईक हा देव असतो, हे तिच्या कानावर कधी गेलेलंच नाही. माझा स्वभाव तापट, हे सगळा बाजार जाणतो. पण तिनं तोंड उघडलं की मी गल्ल्यामागं गुमान बसतो.

माझ्याकडं पॉलिशचा माल दोन तऱ्हेचा येतो. एक मोठ्या कॅनातला. त्याला आम्ही धंद्यात प्रॉडक्शनचा माल म्हणतो. वॉशिंग सेंटरवाले आणि जुन्या गाड्या विकणारे तोच नेतात. त्यात जाड दाणा असतो, तो रंग झपाट्यानं कापतो. आणि तेल-मेण असतं, ते उरलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतं. तासाभरात गाडी नवरीसारखी नटते. चार वेळा धुतली की मेण निघून जातं आणि ओरखडे पुन्हा हजर होतात. दुसरा माल लहान बाटल्यांतला, प्रोफेशनल. त्याचा दाणा बारीक, आणि घासता घासता तो आणखी बारीक होत जातो. त्यात झाकायला काहीच नसतं. ओरखडा गेला तर गेला, राहिला तर दिसतो. पण त्याला वेळ लागतो, हात लागतो आणि डोकं लागतं, आणि हे तिन्ही एका माणसात मिळणं अवघड. मी दुकानदार. मला कॅन खपवायचा असतो.

म्हणून दैवशालानं शेड टाकलं, त्याच आठवड्यात मी कॅन घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं झाकण उघडलं, थेंबभर माल दोन बोटांत चोळला, वास घेतला.

"पंडितभाऊ, ह्ये ट्रॅक्टरला चांगलं हाय," ती म्हणाली.

"अन् गाडीला?"

"गाडीला तुमी लावा. मपल्या शेडच्या भायेर."

मी चिडलो. गावात सगळे हाच माल वापरतात, तू कोण मोठी लागून गेलीस, असं बोललो. तिनं शांतपणे कॅन ठेवून घेतला, आणि खरंच फक्त ट्रॅक्टर, जीप, टेम्पो आले की तोच वापरला. "त्येंना उद्या पुन्ना चिखलात जायचंय, त्येंला कशाला आरसा पायजे?" एवढंच तिचं म्हणणं. कॅनातला माल वाईट, असं ती कधी म्हणाली नाही. कशाला काय लावायचं, याचा तिचा हिशोब पक्का होता, एवढंच. गाडी आली की मात्र बाटल्याच निघायच्या. आणि त्याही एकदम कडक नाही. आधी सगळ्यात नरम माल, तळहाताएवढ्या जागेवर. तेवढ्यानं भागलं तर पुढं जायचं नाही. नाही भागलं, तरच एक पायरी वर. रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, तो वहीच्या कागदाहून पातळ. तो एकदा कापला की परत येत नाही, आणि हे तिला जेवढं कळतं तेवढं मला माल विकून विकून कळलं नव्हतं.

ती गंगाखेडकडची. दिवाळी झाली की आईबापाबरोबर आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. पुढं नवरा, रामहरी, ट्रकवर लागला, आणि हिला नांदेडच्या एका शोरूममध्ये गाड्या पुसायचं काम मिळालं. तिथं पुसता पुसता ती शिकली. पण कोयत्यानं तिच्या हाताला असे घट्टे पडलेत की नुसत्या हातानं तिला रंग कळत नाही. त्यावर तिनं शोरूममधल्या एका कारागिराकडून एक युक्ती उचलली. भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवायची आणि मग हात रंगावरून फिरवायचा.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. "हात खराब होईल म्हणून का गं?" म्हटलं.

तिनं माझा हात धरून एका धुतलेल्या गाडीच्या दारावर ठेवला. गुळगुळीत. मग त्याच हातावर पिशवी चढवली आणि पुन्हा ठेवला. मी दचकलो. गव्हाच्या कोंड्यावरून हात फिरवावा तसं लागत होतं. जिनिंगची धूळ, रेल्वेच्या रुळाकडून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, सगळं त्या रंगात रुतून बसलेलं. पिशवीमुळं हात अडत नाही, नुसता सरकत जातो, आणि मग जे अडतं ते रंगावरचंच असतं. मी जन्मभर रंग विकला आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी तिला चहा पाजला आणि दोन दिवस भांडलो नाही.

आता बसवंतआप्पांचं.

माझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडं, आप्पांची कापसाची आडत. पुढं आडत, मागं घर, बाजूला रस्त्याकडं लिंबाचं झाड, आणि लिंबाखाली आप्पांची गडद निळी गाडी. घर शिवभक्तांचं. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाली की आप्पा ओल्या विभूतीचे तीन पट्टे कपाळावर ओढत. मग तीच बोटं घेऊन बाहेर येत आणि गाडीच्या बोनेटवर ओढत. गाडी आणली त्या दिवसापासून हा नेम. मी कुलूप काढायला येई तेव्हा समोर हेच चालू असे.

दैवशालाला हे बघवेना. एक दिवस ती रस्ता ओलांडून गेलीच.

"आप्पा, राख रंगाला खाती बगा. उन्हात तापली की आत उतरती."

"राख न्हाई ती. विभूती हाय."

"कपाळाला विभूती. बोनेटला राखच की ओ. निदान पुसत तरी जावा."

"मपली गाडी, मपला देव. तू कोन सांगनार?"

"मंग मपल्याकडं आनू नका. एक ना एक दिवस माझ्या हातात आली, तर पार काढून टाकीन. बगा तुमी."

झालं. आप्पा गाडी फाटकाजवळच्या वॉशिंग सेंटरला नेऊ लागले, आणि तिथं माझ्याच दुकानातला कॅन तिच्यावर रिकामा होऊ लागला. पुढं कितीतरी वर्षं ही दोघं बोलली नाहीत. उलट दैवशाला शेड उघडत असली की आप्पा तिच्याकडं बघत बघत जरा जास्तच सावकाश पट्टे ओढायचे. मला हसू यायचं. ती तोंड फिरवून बादलीत पाणी भरायची.

यंदा कापूस भरात असताना आप्पा गेले. निळी गाडी लिंबाखाली तशीच उभी राहिली. तिच्यावर पाला पडला, पाखरं बसली, रुईचे पुंजके चिकटले. त्यांची बायको शांताम्मा गाडी विकू देईना. "नात त्यातनंच सासरी जाईल, असं ह्येंनी म्हनलंवतं," एवढंच सांगायची. नातीचं, अनुपमाचं, लग्न ठरलेलंच होतं.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा आप्पांचा मुलगा शिवकांत स्वतः गाडी घेऊन शेडात आला. तो पुण्यात नोकरीला असतो. शिकायला गेला तो तिकडचाच झाला, सणावारापुरता येतो. माणूस भला. दैवशालासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, आप्पांनी नवी आणली त्या दिवशी जशी होती, तशी पाहिजे मला. एक डाग नको. लेक बसून जाणार आहे."

दैवशालानं मान हलवली. तो मांडवाच्या कामाला पळाला.

मी लगेच कॅन घेऊन गेलो. "लग्नापुरती तर चमकायचीय," म्हटलं. "संध्याकाळपर्यंत मोकळी होशील. तिकडं लोकांची धांदल चाललीय."

"आदी बगू तरी काय हाय अन् काय न्हाई," ती म्हणाली.

धुऊन झालं, रुतलेली घाण निघाली. बोनेटवर मधोमध एक पांढुरका, धूसर डाग उरला. त्याला आकार असा नव्हता. मी म्हटलं, "आप्पा पट्टे ओढायचे ती जागा. पण त्यातलं आता काय राहिलंय? वॉशिंगवाल्यानं घासून घासून कधीच घालवलं असणार."

काम सुरू करण्याआधी ती नेहमी स्पिरिटनं रंग पुसते. आधीच्या लोकांनी जे जे भरून ठेवलंय ते निघून खाली खरं काय आहे ते दिसलं पाहिजे, मगच माल ठरवायचा, अशी तिची रीत. तिनं फडकं भिजवलं आणि बोनेटवर फिरवलं. फडक्यावर पिवळट मेण आलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा आलं. वर्षानुवर्षांचे थर होते ते. मग तिनं दिवा तिरपा धरला.

मी पुढं वाकलो.

तीन पट्टे. अगदी स्वच्छ. मधल्या बोटाचा जरासा लांब, डावीकडं रुंद, आणि उजवीकडं जात जात निमुळते होत गेलेले. रोज त्याच खुणेवर बोटं ठेवून ओढलेले, म्हणून इतकी वर्षं होऊनही ते एकमेकांत मिसळले नव्हते. वॉशिंगवाल्यानं कापलं होतं कमी आणि भरलं होतं जास्त. त्याच्या आळसानं आणि माझ्या कॅनातल्या मेणानं आप्पांची बोटं झाकून ठेवली होती, आणि ती तिथं तशीच होती. माणूस जाऊन महिने झाले, आणि त्याचा हात आमच्यासमोर गाडीवर ठेवलेला होता. मी देवळात जातो, हात जोडतो, पण तिथं असं कधी झालं नव्हतं. मी नकळत चपला काढल्या.

दैवशालानं आपली तीन बोटं त्या पट्ट्यांवर ठेवली. तिची बोटं लहान पडली. तिनं हात काढून घेतला आणि पॉलिशच्या मशीनची पिन काढून ठेवली.

"मी म्हनले होते ना," ती हळू म्हणाली, "हातात आली की काढून टाकीन म्हनून. आली की ओ हातात."

ती उलट्या बादलीवर बसली. काम हातात असताना या बाईला मी बसलेली कधी पाहिली नव्हती. काढायचं ठरवलं असतं तर अवघड नव्हतं. माझ्या कॅनातला जाड माल आणि जोरात फिरणारं मशीन, दोन फिरवण्यांत बोनेट सपाट झालं असतं. शिवकांतनं तेच तर मागितलं होतं. आणि एकदा काढलं की जगातला कुठलाच माल ते परत आणणार नव्हता.

तिनं शिवकांतला फोन लावला. पलीकडं मांडवाचा ठोकाठोकीचा आवाज. ती म्हणाली, "दादा, बोनेटवर आप्पांच्या बोटाची खून हाय." त्याला अर्धंमुर्धं ऐकू गेलं असावं. "कसला डाग? काढून टाका ताई, जे असेल ते काढा, गाडी चकाचक पाहिजे," म्हणाला आणि फोन ठेवला.

"मालकानं सांगितलं बघ," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण माझ्याच्यानं कॅनला हात लाववेना.

"मालकीन हाय अजून," ती उठली, आणि रस्ता ओलांडून आप्पांच्या घरात गेली. भांडायला गेली होती त्यानंतर आज पहिल्यांदा.

शांताम्मांना हाताला धरून ती घेऊन आली. आम्मांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलेलं. दैवशालानं दिवा धरला, इकडून धरला, तिकडून धरला. आम्मा बोनेटवर वाकून बघत राहिल्या.

"काय दाखवायलीस गं? मला तर नुसतं निळं दिसायलंय."

दैवशालानं दिवा खाली ठेवला. खिशातून पातळ पिशवी काढली, आम्मांच्या सुरकुतलेल्या हातावर हळूच चढवली आणि तो हात बोनेटच्या कडेला ठेवला. "फिरवा आम्मा. असा, सावकाश. जोर देऊ नका."

हात सरकत निघाला. मधे आला आणि थांबला. मागं गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. वरचा पट्टा. मधला. खालचा. आम्मांचा चेहरा मी बघत होतो. मी काय सांगू तो कसा झाला?

"ह्ये ह्येंचं हाय," त्या म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. "अगं बया, ह्येंचाच हात हाय की गं."

आणि त्या तिथंच उभ्या राहून हात फिरवत राहिल्या. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, एसटी गेली, कुणी तरी मला दुकानात हाक मारत होतं. मी गेलो नाही. माझे डोळे भरून आले होते आणि लपवायला जागा नव्हती.

"शिवकांतदादा काढ म्हनतेत," दैवशाला म्हणाली. "तुमी सांगा."

"त्येला काय ठावं? लेकरू हाय ते. राहू दे."

"राहील आम्मा. पन एक सांगते. गाडीवर शेवटी कोटिंग देत असतेत. त्ये ह्याच्यावर दिलं, तर रेघा टिकतील, पन हाताला लागनार न्हाईत, भरून जातील. न्हाई दिलं, तर हाताला लागतील, पन ऊन अन् पानी त्येंला हळूहळू खाईल."

आम्मांना विचार करायला वेळ लागला नाही. "मी तरी कुटं कायमची हाय? लागू दे हाताला."

पुढचे दिवस मी दुकान कमी आणि शेड जास्त सांभाळलं. दैवशालानं पट्ट्यांभोवती टेपची चौकट केली. पट्ट्यांपासून दूर मशीन, जवळ आलं की करंगळीएवढा फोमचा तुकडा आणि हातानं घासणं. नरम बाटली, मग त्याहून नरम. एक जागा झाली की पुसायची, दिवा धरायची, पिशवी घालून बघायची, मान हलवायची, पुढची जागा. घाई नव्हती आणि आराम नव्हता. कुणी लग्नाची आठवण केली तर तिचं एकच उत्तर, "तुमाला जल्दी असंल तर फाटकाकडं जा." मीही तिथं उभा होतो, हातात तिच्यासाठी आणलेला चहा थंड होत होता.

शेवटचा हात फिरवून तिनं गाडी शेडाबाहेर उन्हात काढली, तेव्हा मी बघतच राहिलो. आयुष्यभर रंगाचे डबे उघडले, पण असा निळा मी पाहिला नव्हता. वर चमक होती असं नाही म्हणता येत. रंग खोल झाला होता, विहिरीत वाकून बघावं तसा. गाडीच्या दारात समोरच्या लिंबाचं पान न् पान दिसत होतं, आणि त्यात माझं तापट तोंड, आ वासलेलं. आणि त्या सगळ्या निळ्याच्या मधोमध, आडवे, उघडे, तीन पट्टे. काम अर्धवट ठेवून गाडी सोडायची नाही, ही तिची आण. त्या दिवशी तिनं हातभर जागा तशीच ठेवून गाडी सोडली, आणि मला विचाराल तर तिच्या हातचं एवढं पुरं झालेलं काम दुसरं नाही.

लग्नाच्या सकाळी शिवकांत गाडी न्यायला आला. नवं धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळावर विभूती. गाडी पाहून तो जागीच थबकला. भोवती एक फेरी मारली. मग बोनेटपाशी आला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, हे इथं काय राहिलं? मी सांगितलं होतं ना, एक डाग नको?"

मला वाटलं, आता दैवशालाचं तोंड सुटणार. पण ती पुढं झाली आणि एवढंच म्हणाली, "दादा, हात ठेवा तितं."

"कशाला?"

"ठेवा तर."

त्यानं वैतागून हात ठेवला. मग बोटं जरा सरकवली. वरचं बोट वरच्या पट्ट्यावर बसलं, मधलं मधल्यावर, खालचं खालच्यावर. जाडी तीच, बोटांमधली फट तीच, मधल्या बोटाचा जरासा बाक तोच. आम्मांची बोटं त्यात हरवली होती, दैवशालाची लहान पडली होती. याची बसली, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

शिवकांतनं हात उचलला नाही. त्याचे खांदे हलायला लागले तसे मी आणि दैवशाला दोघंही दुसरीकडं बघू लागलो. एवढ्यात मांडवाकडून फुलवाला आला, हातात झेंडूच्या माळा आणि चिकटपट्टी. वरातीच्या गाडीला लावतात तसा मोठा गुच्छ त्यानं बोनेटच्या मधोमध धरला.

"इथं काही लावू नका," शिवकांत म्हणाला.

मग फुलं मागच्या काचेवर लावली.